तिसरा भाग कुठे आहे?

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. पॅरिसच्या एका विद्यापीठात, तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी चाळीस वर्षं काढली. नवा होतो तेव्हा तरुण प्राध्यापक ओबेर्तँ माझ्यावर 'विवेक' लिहीत आणि खाली दोन रेघा ओढत. विचाराच्या बळावर माणूस सत्यापर्यंत पोचतोच, हे त्यांचं आधुनिक तत्त्वज्ञान. मला तेव्हा फार ऐट होती.

पुढे त्यांच्याच विद्यार्थिनी, मादाम वासर, तिथे शिकवू लागल्या. "कोणाचा विवेक? कोणाचं सत्य?" असं विचारणाऱ्या त्या उत्तर-आधुनिक. दोघांत विस्तव जाईना. एकमेकांचं लिहिलेलं दोघंही रागानं पुसत आणि माझी पाठ मात्र फुकट सोलून निघे.

मग जूनमधली ती दुपार आली. सोलेन नावाच्या संशोधक विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा होती. प्रबंध याच दोन तत्त्वज्ञानांच्या नात्यावर, आणि परीक्षक हेच दोघे. एकानंही नकार दिला की सहा वर्षं पाण्यात. शेवटच्या बाकावर तिची आई बसली होती. पदवी मिळाली तर वाटायला तिनं गावाहून लोण्याचा केक आणला होता.

सोलेननं माझ्यावर आराखडा लिहिला. एक, आधुनिक. दोन, उत्तर-आधुनिक. आणि खडू खाली ठेवला.

"तिसरा भाग कुठे आहे?" ओबेर्तँ गुरगुरले. "दोन बाजू आणि मग मेळ. शाळेतली पोरंही तीन भाग लिहितात."

"नाही लिहिला, मस्यू."

"मग नापास व्हायलाच आलीस म्हण की."

आता वासर तिची बाजू घेतील, असं मला वाटलं. शेवटचा निष्कर्ष म्हणजे थोतांड, हे त्याच तर शिकवत. पण त्याही पानं उलटत होत्या. "शेवटी काहीतरी हवंच ना गं?"



सोलेन त्यांच्याकडे वळली. "मादाम, शेवटी मेळ मागायची ही सवय तुम्हाला मस्यूंच्याच वर्गात लागली. शंकेचीही. 'मी सांगतो म्हणून मानू नका', असं मस्यूच सांगायचे. तुम्ही त्यांचं ऐकलंत आणि त्यांच्यावरच शंका घेतलीत. ते भांडण अजून चालू आहे, मग मेळ मी कुठून आणू?"



"ही ऐकत कुठे होती?" ओबेर्तँ वासरांकडे बोट दाखवत म्हणाले. "खिडकीबाहेर बघत बसायची."

"ऐकत होते, मस्यू," वासर म्हणाल्या. कित्येक वर्षांनी त्या त्यांच्याशी सरळ बोलल्या होत्या.

दोघं निर्णयासाठी बाहेर गेले. परतल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहिले आणि सोलेनला पदवी जाहीर झाली. तिच्या आईला तत्त्वज्ञानातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण ती रडत होती.

मित्रांनो, उद्या मला उतरवून पांढरा फळा लावणार आहेत. त्याचं मला दुःख आहे, खोटं कशाला बोलू? एवढंच मागणं आहे: तुमच्यावर कोणी प्रश्न उगारला, तर शत्रू समजून त्याला लगेच पुसू नका. कदाचित त्याला प्रश्न विचारायला तुम्हीच शिकवलं असेल.