कॅरियरवाली सायकल

कुरखेड्याच्या मैदानात त्या सकाळी पुष्कळ सायकली उभ्या होत्या. कोणाचे टायर मनगटाएवढे जाड, कोणाच्या हँडलवर घड्याळासारखं काहीतरी लुकलुकणारं. पण कॅरियर असलेली सायकल एकच होती. तिला घंटीही होती. कॅरियरवर टॉवेलात गुंडाळलेला जेवणाचा डबा होता आणि तो जुन्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेला होता.

ही सायकल देवाजी गुरुजींची.

"काका, माउंटन बाईकले कॅरियर?" हेल्मेट घातलेला सुरज नावाचा एक चंद्रपूरचा पोरगा हसू दाबत म्हणाला. "वजन वाढते ना जी!"

"बाबू, कॅरियर नसलेली सायकल म्हणजे ओसरी नसलेलं घर," गुरुजी म्हणाले. "आलेल्या माणसाले बसवाचं कुठी?"

पोरं खो खो हसली. गुरुजीही हसले. तीस-पस्तीस वर्षं ज्यानं पोरांना शिकवलं, त्याला पोरांच्या हसण्याचं भय नसतं. त्यांना भय होतं ते दुसऱ्याच एका माणसाचं, आणि ते माणूस आत्ता याच गावात त्यांच्या मेहुणीकडे, कांताच्या घरी, वांग्याची भाजी चिरत बसलं होतं.

झालं होतं असं. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा नागपूरला नोकरी करणाऱ्या हर्षानं, त्यांच्या मुलीनं, त्यांना ही गिअरची सायकल भेट दिली. गुरुजींनी वडश्याच्या वेल्डिंगवाल्याकडून तिला कॅरियर लावून घेतलं आणि गावोगाव हिंडायला सुरुवात केली. पावसाळ्यात एकदा एका बकरीला वाचवायला गेले आणि सायकलीसकट धानाच्या शेतात, बांधीत पडले. बकरी सुखरूप घरी गेली. गुरुजींचा हात प्लास्टरमध्ये गेला.

तेव्हापासून त्यांच्या बायकोनं, मीराबाईंनी घोषा लावला, की सायकल भाच्याला देऊन टाका. आणि या शर्यतीत गुरुजींनी नाव घातल्याचं कळलं तेव्हा त्यांनी कढई खाली उतरवून ठेवली. मीराबाई कढई उतरवून बोलायला लागल्या, की ते बोलणं पक्कं.

"ऐका हो हर्षाचे बाबा. शर्यत कुरखेड्याहून वडश्याले ना? तुमी जंगलातून या, मी डांबरी रस्त्यानं स्कुटीनं येतो. माह्याआधी पोचले, त सायकल तुमची. मी चकार शब्द नाई बोलनार. पन मी आधी पोचली, त सायकल गेली. मंग जनमभर माह्या मांगं स्कुटीवर बसाचं."

"स्कुटीपुढं सायकल? हा कोनता न्याय?"

"मी कांताकडे जेवून निघीन ना."

यात गुरुजींना न्याय दिसला. कांता पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नसे, आणि जेवल्यावरही लगेच सोडत नसे. त्यांनी होकार दिला.

पण रात्री आडवं पडल्यावर स्कुटीचं ते मागचं सीट त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. मीराबाई स्कुटी चालवताना प्रत्येक ओळखीच्या बाईपाशी थांबत. मागच्या माणसानं पाय खाली टेकवून, पिशवी मांडीवर धरून, गप्प बसायचं. जोंधळ्याच्या पोत्यालाही याहून जास्त मान असतो, असं गुरुजींना वाटलं.

अशा शर्यतीत गोल फिरून परत यायचं नसतं. इथून निघायचं आणि तिथं पोचायचं. मधली वाट जंगलाची. ती चुकू नये म्हणून शर्यत भरवणाऱ्या पोरांनी आदल्या दिवशीच जागोजागी झाडांना पिवळ्या पट्ट्या बांधून ठेवल्या होत्या. पिवळी पट्टी दिसली की त्या वाटेनं जायचं. इतकं सोपं.

शिट्टी वाजली. जाड टायरांचा घोळका धूळ उडवत निघून गेला. धूळ खाली बसली तेव्हा गुरुजी दिसले, सगळ्यांच्या मागे, घंटी वाजवत.

दिवाळी नुकतीच झाली होती. धानाची कापणी सुरू होती. बांध्यांमधून कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, बांधांवर तूर फुललेली. जंगलात शिरल्यावर अंगाला गारवा लागला. मोहाच्या झाडाखाली एक चढ आला, तिथं गुरुजी सरळ खाली उतरले आणि सायकल हातानं ढकलत वर गेले. शरम कसली? चढावर बैलही श्वास घेतो. उतारावर मात्र त्यांनी दोन पोरांना मागे टाकलं आणि घंटीही वाजवली.

आणि मग पट्ट्या संपल्या.

कोसमटोल्याच्या अलीकडे वाटेला तीन फाटे फुटत होते. तिथं पट्टी नव्हती. एक पोरगा नकाशा पाहायला मोबाईल आभाळाकडे धरून उभा होता, पण तिथं रेंजही नव्हती. बाकीचे कुठे गेले म्हणून गुरुजी विचारणार, तोच डावीकडच्या झुडपांतून आवाज आला.

"ती पाहा पट्टी! तिकडे गेली!"

"गेली म्हंजे? पट्टी कशी जाईन बे?"

"जाऊन राह्यली ना भाऊ, डोळ्यानं पाहून राह्यलो मी!"

झुडपांतून आधी सुरज बाहेर आला, काट्यांनी ओरबाडलेला. त्याच्यामागे आठ-दहा जण. आणि त्यांच्या पुढे, काही घाई नाही अशा चालीनं, रवंथ करत, एक पांढरा बैल. त्याच्या दोन्ही शिंगांना पिवळ्या पट्ट्यांची सुरेख फुलं बांधली होती. त्याच्यामागे दुसरा बैल, मग तिसरा. सगळा कळप पिवळा.

सकाळपासून हे तगडे सायकलपटू बैलांच्या मागे जंगलभर फिरत होते.

गुरुजींनी हसू आवरलं. पोरं चुकली तेव्हा आधी हसायचं नाही, आधी कारण शोधायचं. कळपाच्या मागे काठी घेऊन कोसमटोल्याचा लच्छू येत होता. गुरुजींना पाहताच त्यानं काठी काखेत धरली.

"जोहार गुरुजी! तुमी इथी कसे?"

"जय भीम लच्छू. आधी हे सांग, या पट्ट्या कोनं सोडल्या?"

लच्छू छाती पुढे काढून म्हणाला, "मीच जी. ग्रामसभेनं या आठवड्याची जंगलाची राखन माह्याकडे देल्ली आहे. काल संध्याकाळी पाहतो त काय, चांगल्या चांगल्या सागाच्या, येनाच्या, बीजाच्या झाडाईले पट्ट्या! म्हनलं, कोनी झाडं कापाले खुना करून गेला. एक एक सोडून आनली. सारी रात गावाचे चार लोक कुऱ्हाडवाल्याची वाट पाहत बसले."

"अन् बैलाले?"

"पट्टी चांगली होती ना गुरुजी. फेकाची कशाले? दिवाळीत शिंगं रंगवली, त्याच्यावर शोभून राह्यली."

सुरजनं शिंगांवरच्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. "अरे भाऊ, ह्या शर्यतीच्या खुना होत्या! आमाले परवानगी होती!"

"कोनाची?"

"फॉरेस्ट हापिसाची."

"जंगल कोन राखते?" लच्छूनं शांतपणे विचारलं. "गावात येऊन एक शब्द सांगतला असता, त मीच बांधून देल्या असत्या. वर पोहेही देल्ले असते."

गुरुजींनी मध्ये पडून दोघांनाही पुरेल अशी मान हलवली.

कोसमटोल्याच्या शाळेत गुरुजींची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. इथली वाट त्यांना अंधारातही सापडली असती. त्यांनी एक काटकी घेतली, धुळीत रेघ ओढली आणि समजावलं: मधला फाटा, मग बोडी, म्हणजे पाण्याचं तळं, बोडीच्या पाळीवरून डावीकडे, मग नाला, नाल्यापलीकडे थेट वडश्याच्या राइस मिलची चिमणी दिसते. सगळ्यांकडून एकदा म्हणून घेतलं. सुरजनं नाला आधी आणि बोडी नंतर सांगितली, म्हणून त्याच्याकडून दोनदा.

उत्तर मिळालेली पोरं वर्गात बसत नाहीत. क्षणात सगळी पसार.

आता गुरुजींनीही निघायला हवं होतं. ऊन डोक्यावर आलं होतं. कांताकडे एव्हाना पानं वाढली असतील. पण इतक्यात आणखी दोन पोरं चुकत माकत आली. त्यांना वाट सांगितली, तर पलीकडच्या झाडीतून आणखी हाका. गुरुजींना शाळेची सवय होती. शेवटचं पोरगं घरच्या वाटेला लागल्याशिवाय ते फाटक लावत नसत. आणि हे फाटे तर फाटकाहून वाईट.

"लच्छू," ते खिन्नपणे म्हणाले, "माही सायकल गेली रे."

"कुठी गेली जी? इथीच त आहे!"

गुरुजींनी त्याला पैज सांगितली. लच्छू जमिनीवर बसून हसला. मग घरातून लोटाभर पाणी आणि काळा चहा घेऊन आला, कारण पाणी न घेता या गावातून कोणी जात नाही. गुरुजी तिथंच डबा खात, घंटी वाजवत, चुकलेल्यांना बोलावत राहिले. शेवटचा पोरगा गेला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

मग ते निघाले. बोडी गेली, पाळ गेली. मनात हिशेब चालला होता, की भाच्याला सायकल द्यायची तर कॅरियर काढून द्यावं की ठेवून. आणि नाल्याच्या काठावर येऊन त्यांनी ब्रेक दाबला.

नाल्याच्या मधोमध, रेतीत, मागचं चाक अर्धं रुतलेली एक स्कुटी उभी होती. स्कुटीशेजारी, लुगड्याचा काष्टा मारून, हातात काठी घेऊन, मीराबाई उभ्या होत्या.

"कोन आहे?" त्या ओरडल्या. "अस्वल असशीन त तिकडूनच जा!"

"मी आहो, मीरा."

मीराबाईंनी काठी खाली केली. सुटकेचा एक श्वास घेतला आणि तो संपायच्या आत भांडायला सुरुवात केली. "कुठी मेले होते? सारी पोरं येऊन राह्यली, हे नाई! इचारलं त म्हनते, गुरुजी मांगं जंगलात एकटेच आहेत. दिस बुडाले आला. मले वाटलं पडले पुन्हा कोन्या बकरीपायी!"

"बकरी नाई, बैल होते."

"बैल?"

गुरुजींनी बैलांची गोष्ट सांगितली. मीराबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. सुरजनं नाला आणि बोडी उलटसुलट सांगितल्याचं आलं तिथं ते सुटले. मग हसताना स्कुटीला टेकल्या, तशी स्कुटी आणखी चार बोटं रुतली.

दोघांनी मिळून ओढली, ढकलली, चाकाखाली पळसाची पानं घातली. स्कुटी हलेना.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "लच्छूले निरोप देतो, बैल लावून काढंन. चल."

"अन् मी? पायी?"

गुरुजींनी कॅरियरवरचा रिकामा डबा काढून हँडलला अडकवला, टॉवेलाची घडी कॅरियरवर ठेवली आणि घंटी एकदा वाजवली.

मीराबाईंनी कॅरियरकडे पाहिलं. मग नाल्याकडे, मग मावळत्या सूर्याकडे.

"पाडसान त पाहा," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

वडश्याच्या मैदानात शर्यतीचा शेवट होता. बक्षिसं वाटून झाली होती. मंडप सोडायला माणसं आली होती. माईकवर राजदीप होता. झाडीपट्टीच्या नाटकांत तो खलनायकाची कामं करी, आणि माईक हातात असला की त्याला तो खाली ठेवता येत नसे. त्यानं रस्त्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज चढला.

"थांबाऽऽ! कोण हा येतो आहे? धुळीनं माखलेला, घामानं न्हालेला! आणि हे काय पाहतो मी? याच्या सायकलवर साक्षात सौभाग्यवती!"

मंडपवाले थांबले. सुरज आणि त्याचे मित्र जीपमध्ये सायकली चढवत होते, ते धावत आले. "कॅरियर! कॅरियर!" असा गजर सुरू झाला. शेवटच्या उंचवट्यावर गुरुजींची मांडी थरथरली, सायकल वाकडी झाली. मीराबाईंनी मागून त्यांचा सदरा धरला आणि म्हटलं, "मारा पायडल, मारा!" आणि पुढचं चाक चुन्याच्या रेघेवरून पलीकडे गेलं.

गुरुजी सायकलीवर ओणवे होऊन श्वास घेत राहिले. मग त्यांना आठवलं. मीराबाई इथं आधी आल्या होत्या, त्याशिवाय शोधायला जंगलात कशा येतील? पैज तर केव्हाच संपली होती.

नेमकं तेच राजदीपनं माईकवर विचारलं. "पण काकू, तुमी त दुपारीच पोचल्या होत्या ना इथी?"

सगळं मैदान मीराबाईंकडे पाहू लागलं. गुरुजी जमिनीकडे पाहू लागले.

मीराबाईंनी पदर झटकला. लुगड्यावरची धूळ शांतपणे काढली.

"मी? मी त त्या टपरीवर चहा प्याले आली होती. ती टपरी रेघेच्या अल्याड आहे. रेघ मी आत्ता ओलांडली. अन् ह्याईच्या मांगून."

राजदीप खलनायक होता, पण समजूतदार. त्यानं माईक खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या दारात बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीत दोरांनी बांधलेली स्कुटी, पुढे लच्छू, आणि दोन्ही बैलांच्या शिंगांना पिवळी फुलं. गल्लीतली पोरं गाडीभोवती नाचत होती.

"मीरा," गुरुजी ओट्यावरून म्हणाले, "बाजारात जाची होती ना तू? स्कुटी आली पाहा."

मीराबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. स्कुटीच्या नळीतून अजून रेती गळत होती. त्यांनी भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे बोट दाखवलं.

"तिनंच जाऊ. पन आधी त्या वेल्डिंगवाल्याकडे चला. कॅरियरले गादी लावून घ्या. काल लोखंडानं माह्या कंबरेचा पार भुगा केला."

गुरुजींनी घंटी वाजवली.