दोन हँडलांची पेटी

"काका, एकदा काय ते सांगून टाका," सुतार म्हणाला. "दहा, बारा की पंधरा?"

खर्जकाकांनी टेप पुन्हा ओढली आणि समोरच्या स्पीकरच्या पेटीची उंची मोजली. सकाळपासून तिसऱ्यांदा. पेटी काही मधल्या तासाभरात वाढली नव्हती. नकाशांच्या कचेरीत आरेखक म्हणून त्यांची नोकरी झाली होती. घरात नवी बादली आली तरी तिचा व्यास मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज मात्र मोजून मोजून बोटं दुखायला आली, तरी मन ठरत नव्हतं.

संध्याकाळच्या कार्यक्रमांना ते एका वाद्यवृंदात बेस गिटार वाजवत. एकोणतीस वर्षं वाजवत होते. खालच्या सुरांतच सगळा जन्म गेला म्हणून खर्जकाका हे नाव पडलं आणि मूळचं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं.

सुताराने सगळं नीट समजावून दिलं होतं. दहा इंची चार स्पीकर लावले तर आवाज खणखणीत, पण पेटी कपाटाएवढी. एकच पंधरा इंची लावला तर आवाज भरदार, पण वजन पन्नास किलो, म्हणजे उचलायला दोघं हवेत. बारा इंची एक घेतला तर मधल्या आकाराच्या सभागृहाला पुरून उरतो आणि एकटा माणूस हातात धरून नेतो. त्याने तिन्ही नमुने जोडून दिले, खर्जकाकांनी तिन्हीवर वाजवून पाहिलं आणि तिन्ही वेळा नाक मुरडलं.

"पेटीला चिकटून उभं राहिलं तर खालचा सूर कळणार कसा?" सुतार म्हणाला. "तो लांब गेल्यावर खुलतो. फाटकापाशी जाऊन ऐका."

"मग वाजवणार कोण?"

सुताराने रंधा उचलला. हे फाटकापाशी जाऊन ऐकायचं काम ठोक्यांचं, हे त्यालाही माहीत होतं.

ठोके म्हणजे वाद्यवृंदाचे ड्रमवाले. दर कार्यक्रमाआधी ते शेवटच्या रांगेपर्यंत चालत जात आणि तिथून बोट वर करत. एक बोट म्हणजे आवाज कमी कर, दोन म्हणजे वाढव, मूठ म्हणजे बरोबर. जुनी पंधरा इंची पेटी दोघं मिळून वाहत. उजवं हँडल खर्जकाकांचं, डावं ठोक्यांचं. जिन्यावर एकच नियम होता. ज्याला झेपेनासं होईल त्याने "टेकव" म्हणायचं आणि दुसऱ्याने का म्हणून न विचारता पेटी खाली ठेवायची. एकोणतीस वर्षांत हा शब्द दर वेळी खर्जकाकांच्याच तोंडून निघाला होता. ठोक्यांनी तो एकदाही उच्चारला नव्हता, आणि त्यावरून ते खर्जकाकांची यथेच्छ टिंगल करत.

पाच महिन्यांपूर्वी ठोक्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. भेटायला गेलेल्या प्रत्येकाने दोन महिन्यांत उभा राहशील असं सांगितलं. सगळ्यांत मोठ्या आवाजात खर्जकाकांनी सांगितलं. तुझं हँडल तुझी वाट बघतंय, असंही वर म्हणाले.

आता वाद्यवृंदाच्या मास्तरांनी नवा ड्रमवाला घेतला होता. तो स्कूटरवरून येई आणि स्कूटरवरून जाई. दुसऱ्याची पेटी उचलायला त्याचे हात रिकामे नसत. पुढच्या शनिवारी कार्यक्रम होता. खर्जकाकांना एकट्याला नेता येईल अशी पेटी आणावी, नाहीतर सभागृहाच्या यंत्रणेला वायर जोडून कोपऱ्यात उभं राहावं, असं मास्तरांनी सांगून टाकलं. सुतार उद्यापासून आठ दिवस बाहेरगावी चालला होता. पाच वाजेपर्यंत माप मिळालं तरच तो प्लाय कापणार होता.

दुपारी घरी येऊन जेवता जेवता खर्जकाकांनी सुताराला फोन करून बारा सांगितले. हात धुऊन पंधरा सांगितले. मग बाल्कनीत चार फेऱ्या मारल्या, जिन्याच्या वळणाची रुंदी मोजली, परत येऊन दहाची चौकशी केली. सुताराने न बोलता फोन ठेवून दिला.

"अहो, आपलं लग्न ठरवतानासुद्धा एवढा घोळ घातला नव्हतात," बायको म्हणाली. मग ताटं उचलता उचलता हळूच म्हणाली, "पेटीचं काही अडलेलं नाही. तुम्हाला ठोक्यांकडे जाववत नाहीये."

खर्जकाका टेप गुंडाळत राहिले. ती बोलली त्यात तिळभरही खोटं नव्हतं. एका हँडलची पेटी करायला टाकायची म्हणजे तू आता परत येत नाहीस, असं ठोक्यांना सांगायचं. तीन आठवडे ते त्या घराकडे फिरकलेच नव्हते. स्वतःची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

चार वाजता ते निघाले. एका थांब्यावर उगाच उतरले, परत पुढच्या बसमध्ये चढले. ठोक्यांचं घर तळमजल्यावर होतं, म्हणून जुनी पेटी कायम तिथंच असे. बाहेरच्या खोलीत ठोके खिडकीशी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला होता. पेटी भिंतीशी होती आणि तिच्यावर कुणीतरी स्वच्छ चादर घातली होती.

वहिनींनी पाणी आणून दिलं. खर्जकाका हवेबद्दल बोलले. मास्तरांच्या नव्या चष्म्याबद्दल बोलले. मग पेटीला ओल लागली आहे का ते बघायला आलो होतो, असं म्हणाले आणि चादर उचलून उगाच मागची फळी ठोकून पाहिली.

"खर्ज्या," ठोके म्हणाले. त्यांची जीभ अजून जड होती. "खिशात टेप घेऊन ओल बघतोस होय?"

खर्जकाकांनी खिशावर हात ठेवला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाचला दहा मिनिटं कमी होती. सुतार इतक्या मोठ्याने बोलत होता की खोलीभर ऐकू गेलं: आता शेवटचं विचारतोय, किती इंची आणि हँडल किती?

खर्जकाकांनी टेप खिशातून काढली आणि परत ठेवली. ठोक्यांनी डावा हात पुढे केला.

"दे इकडे."

फोन कानाला लावून ते सावकाश, एकेक शब्द नीट लावत बोलले. "बारा इंची. एकच. हँडलही एकच, वरती मधोमध लावा. आणि रुंद घ्या जरा. ह्याचा पंजा मोठा आहे, बारीक हँडल रुततं त्याला."

फोन परत देऊन ते खिडकीबाहेर बघत राहिले. ते दोन महिन्यांचं मी उगाच बोललो रे, असं खर्जकाका कसंबसं म्हणाले.

"माहीत होतं मला," ठोके म्हणाले. "तरी ऐकायला बरं वाटायचं."

मग जुन्या पेटीचं काय करायचं, हा प्रश्न निघाला. विकायची नाही, असं ठोक्यांनी बजावलं. खुर्चीशेजारी सरकव, औषधं आणि पाण्याचा तांब्या ठेवायला उंची बरोबर आहे, असं ते म्हणाले. खर्जकाकांनी सवयीने टेप काढली, उंची मोजली. खरंच बरोबर होती.

ते एकट्यानेच ढकलू लागले. पेटी फरशीवर करकरत खुर्चीपर्यंत आली आणि तिथं सतरंजीच्या काठाला अडली. आता ती थोडी उचलायला हवी होती. खर्जकाकांनी उजवं हँडल धरलं. ठोके खुर्चीतून वाकले, डाव्या हाताने डावं हँडल पकडलं. वहिनी पुढे धावल्या, तर ठोक्यांनी त्यांना मानेनेच थांबवलं.

पेटी उचलली गेली. काठाच्या वर चार बोटं आली आणि आत सरकू लागली. वजन दोन्हीकडे सारखं नव्हतं. बरंचसं खर्जकाकांकडे येत होतं. त्यांची कंबर भरून आली होती, मनगट थरथरत होतं, तरी त्यांनी दात घट्ट मिटून घेतले होते. आज तो शब्द आपण उच्चारायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. अजून वीतभर जायचं होतं.

"टेकव," ठोके म्हणाले.

खर्जकाकांनी का म्हणून विचारलं नाही. पेटी होती तिथंच हळूच खाली ठेवली.