दादाच्या खोलीतला प्रिंटर

दोघा भावांचं वजनकाटे दुरुस्त करण्याचं दुकान होतं आणि गेली नऊ वर्षं त्या दुकानात दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला आतल्या खोलीत काटे जुळवायचा, धाकटा बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर त्यांचे दाखले छापायचा. मधली भिंत इतकी पातळ, की पलीकडे कुणी सुस्कारा सोडला तरी अलीकडे कळे. बोलणी व्हायची ती वहिनीमार्फत. ती मधल्या उंबऱ्याशी टेबल टाकून बसायची आणि एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सांगायची. दोघांनाही सगळं आधीच ऐकू आलेलं असायचं, तरी ती सांगेपर्यंत दोघे गप्प थांबायचे.

आज चार वाजता वकील येणार होता. वाटणीपत्रावर सह्या झाल्या की दुकानाचे दोन भाग, मधल्या दाराला कुलूप आणि विषय संपला. फक्त ते वाटणीपत्र कागदावर उतरायला तयार नव्हतं.

भांडण एका काट्यावरून झालं होतं. "दादाचा हात आता थरथरतो, मी पुन्हा बघतो," असं धाकटा गिऱ्हाइकासमोर बोलून गेला. बघितलं तर काटा केसभरही चुकलेला नव्हता. दादानं अवजारं खाली ठेवली आणि अबोला धरला. तोंडानं माफी मागायची धाकट्याची छाती होईना, म्हणून त्यानं चार ओळी टाइप केल्या. काटा बरोबर होता. मी चुकलो. राग गेला असेल तर नुसता दोनदा खोक. मला ऐकू येईल. तेव्हा दुकानात एकच प्रिंटर होता आणि तो दादाच्या टेबलावर. धाकट्यानं छापायचं बटण दाबलं, काही आवाज येईना म्हणून पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिला आणि शेवटी धीर सुटून घरी पळाला.

दादा खोकला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. थंडीत भरपूर खोकला, पण शिंकांसकट, त्यामुळे ते धरता येईना. धाकट्याला हे फार लागलं. आपण होऊन माफी मागितली आणि वर आपणच तोंडघशी पडलो, या रागात त्यानं स्वतःचा वेगळा प्रिंटर आणला आणि दादाच्या खोलीत पुन्हा एकही कागद पाठवला नाही.

तो प्रिंटर परवा कायमचा बंद पडला. नवा आणला तो दिसायला देखणा, पण कॉम्प्युटर पंचवीस वर्षांचा. कॉम्प्युटर बदलावा, तर दाखल्यांचा प्रोग्रॅम नव्यावर चालत नव्हता आणि तो लिहिणारा माणूस कुठे गेला हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. धाकट्यानं वाटणीपत्र पेन ड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात नेलं, तर तिथे जुन्या फॉन्टच्या पार किडेमुंग्या झाल्या. 'थोरला भाऊ' लिहिलं होतं तिथे एक कंस, दोन चांदण्या आणि टक्क्याची खूण. यावर मी सही घेणार नाही, म्हणून वकिलानं हात वर केले.

म्हणून सकाळी नवाला कॉम्प्युटरवाल्या बाई आल्या. केस पिकलेले, चष्मा दोरीला, आणि पिशवीत जगात आता कुणालाच नको असलेल्या तारा. त्यांनी प्रिंटर जोडला. पडद्यावर आलं, नवं उपकरण सापडलं. क्षणभरानं आलं, उपकरण ओळखता येत नाही.

"आमच्या नात्यातली माणसं अशीच आहेत," वहिनी म्हणाली. "समोर दिसतो आपण, पण ओळख दाखवत नाहीत."

खोक्यात सीडीची चकती नव्हती, नुसता एक काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला होता. बाईंनी त्याला फोन दाखवला. फोनवर एक पान उघडलं, त्यानं कॉम्प्युटर कोणता ते विचारलं आणि उत्तर ऐकल्यावर अगदी नम्रपणे नवा घ्यायला सुचवलं.

"ड्रायव्हर नाही याचा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?" वहिनीनं विचारलं.

"कॉम्प्युटरची भाषा वेगळी, प्रिंटरची वेगळी. एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगणारं कुणीतरी मधे लागतं."

"म्हणजे मी," वहिनी म्हणाली. "मी पण आता थकलेय, बाई. संपू दे एकदा हे."

धाकट्यानं मान खाली घातली. कुलूप लागल्यावर वहिनी त्या बाजूला राहणार हे त्याला माहीत होतं, पण त्याचा विचार त्यानं मुद्दामच केला नव्हता.

बारा वाजले, दोन वाजले. बाईंनी प्रिंटर उलटा करून पाहिला, तारा बदलल्या, कॉम्प्युटर सतरा वेळा बंद करून चालू केला. तीन वाजता त्या पडद्यावरची यादी बघत थांबल्या.

"हा 'दादाची खोली' कोण?"

"तो जुना प्रिंटर," धाकटा म्हणाला. "कधीच भंगारात गेला."

"त्याची भाषा या नव्याला येते. आणि त्याची तार अजून भिंतीतून पलीकडे गेलेली आहे. मधे ही जोडणीची डबी लावली की जमेल. पण प्रिंटर पलीकडे ठेवावा लागेल."

धाकटा वहिनीकडे वळला. "दादाला म्हणावं, टेबलाचा कोपरा तासभर दे."

"त्याला सांग," आतून आवाज आला, "टेबल त्याच्याच वाट्याला गेलंय. नाचव त्याच्यावर काय ते."

वहिनीनं दोन्ही निरोप इकडून तिकडे पोचवले. प्रिंटर आत गेला.

"आता याला सांगते, तुझा जुना प्रिंटर बरा होऊन परत आला," बाई म्हणाल्या.

"पण ते खोटं आहे," धाकटा म्हणाला.

"एवढ्या म्हाताऱ्या मशीनशी सगळंच खरं बोलून भागत नाही." त्यांनी बटण दाबलं.

भिंतीपलीकडे घरघर झाली आणि कागद सरकला. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. वाटणीपत्राची पानं तीन. त्यानं मोजली. एक, दोन, तीन. प्रिंटर थांबेना. चार, पाच.

वहिनी आत डोकावली. "भाऊजी, हे वाटणीचं नाही हो. नुसत्या चार ओळी आहेत. सगळ्यांवर त्याच."

धाकटा ताडकन उठला. सातवं पान पडलं आणि प्रिंटर थांबला.

"तो प्रिंटर तेव्हा बंद असणार," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "यानं कागद रांगेत धरून ठेवले. नको म्हणून कुणी सांगितलंच नाही त्याला."

आत कागद चाळल्याचा आवाज झाला. मग वहिनी उंबऱ्यावर आली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "हे म्हणतात, त्या आठवड्यात प्रिंटर जळला होता. तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण बोलणं बंद होतं."

धाकट्याला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. दोनदा. त्यात शिंक नव्हती. तो खुर्चीत मटकन बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

पुन्हा दोनदा. जरा थांबून आणखी दोनदा. दादा कामात चोख. सात प्रती आल्या होत्या, प्रत्येकीला दोन. दहाव्याला खोकला खराच लागला, वहिनी पाणी आणायला धावली, पण चौदा पुरे केल्याशिवाय दादा थांबला नाही.

"सात कशाला रे छापलीस?" भिंतीपलीकडून दादानं विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

"पोचलं नाही असं वाटलं."

"नव्हतंच पोचलं."

"रांगेत अजून तीन पानं आहेत," बाई म्हणाल्या. "तिकडे कागद संपलेत. घालू?"

धाकट्यानं घड्याळ बघितलं. चाराला पाच कमी होते.

"राहू द्या रांगेत," तो म्हणाला. "दादा, वकिलाला काय सांगायचं?"

"सांग, प्रिंटर चालत नाही."

वहिनी पाण्याचा पेला घेऊन लगबगीनं आली. उंबऱ्यावर थांबून तिनं एकदा आत बघितलं, एकदा बाहेर, दोघांचं बोलणं जरा वेळ ऐकलं, आणि आपल्या खुर्चीत बसून ते पाणी तिनंच पिऊन टाकलं.