लायक्राची चुंबळ

नेत्राचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि आत्माराम तांब्यांचं उत्तर अजून कच्च्या मसुद्यातच होतं. पहिला मसुदा त्यांना फार कडक वाटला, दुसरा फार मऊ, आणि तिसरा लिहिताना तर आपल्याला यातलं काही कळतं का, अशीच शंका आली. पत्र साधं होतं. 'काका, मी एका कंपनीसोबत व्यायामाची चुंबळ काढतेय. आपल्या मासळीवाल्या बायका डोक्यावर पाटीखाली कापडाची चुंबळ ठेवून पाठ ताठ ठेवायच्या, हा कोकणातला जुना योगच आहे, असं दोन ओळींत लिहून द्या. तुम्ही वाचनालयात जन्म घालवलात, तुमचा शब्द चालेल. आठ दिवसांत कळवा. नाही कळवलंत तर होकार समजते.'

आठव्या दिवशी काका 'योग' या शब्दावर अडलेले होते.

नेत्रा ही काकांच्या दारी मासळी घेऊन येणाऱ्या, नाटे गावच्या धोंडूबाईची नात. परीक्षेच्या दिवसांत काकांच्या वाचनालयात येऊन बसायची. आता ती रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर मोबाइलसमोर श्वास घ्यायची, सोडायची, आणि संध्याकाळपर्यंत रत्नागिरीला कळायचं की उद्या काय घालायचं. तिने आमसुली रंगाची लेगिंग घातली आणि त्या रंगाला 'कोकम ग्लो' म्हटलं. आमसुली लुगड्याला गावंढळ म्हणणाऱ्या बायका त्या कोकम ग्लोसाठी दुकानात नावं नोंदवू लागल्या. दिवसभर एसीखाली बसणाऱ्यांनीही घाम टिपणारे टी-शर्ट घेतले. न जाणो, आलाच घाम तर!

मग चुंबळ आली. लेगिंगच्याच लायक्राची, त्याच रंगाची, वर सोनेरी छाप. मांडवीच्या जेटीवर बायका ती डोक्यावर ठेवून फिरू लागल्या. चुंबळीवर काही नाही, हातात मोबाइल. खोक्यावर छापलं होतं, 'रत्नागिरीचे ज्येष्ठ अभ्यासक आत्माराम तांबे यांची मान्यता.' काकांनी आपल्याला आलेलं खोकं शब्दकोशांच्या मागे लपवलं.

मंगळवारी धोंडूबाई दारात आली ती पाटीशिवाय. डाव्या हाताला प्लास्टर.

"अहो, हे काय झालं?"

"काय व्हायचा? नातीन यायाम शिकवलान," धोंडूबाई पायरीवर टेकली. "माझी चुंबळ काढलान नि आपली गुळगुळीत ठेवलान. मी म्हटला, गो, ही सरकते. तर म्हणते, आजी, तू हस. हसले. पाटी गेली पुढं, मी गेले मागं. बांगडे बघा, जेटीभर!"

"पण सरकली कशी?"

"नवा कापड सरकणारच, भाऊ. चुंबळ जुन्या लुगड्याची करायची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. ती केसांना धरून ऱ्हाते. आमच्यात पाच वर्सांच्या पोरीलाही ठाव हाय. नि ओझाच नाय तर चुंबळ कशाला? टोपी घाला की!"

"मग नेत्राला सांगितलं नाहीत?"

"सांगितला. म्हणते, काका शिकलेले, त्यांनी मान्य केलानी. खोक्यावर तुमचा नाव हाय." तिने काकांकडे सरळ पाहिलं. "केलात काय हो मान्य?"

"मी... उत्तरच दिलं नाही."

"म्हणजे केलात."

काकांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

धोंडूबाई पडल्याचा व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला होता आणि 'किती खरं, किती मातीतलं' म्हणून वाखाणला होता. त्यामुळे कंपनीला हुरूप आला. येत्या रविवारी भाट्यावर साठ बायका लायक्राच्या चुंबळीवर भरलेली कळशी घेऊन चालणार होत्या. सगळ्यांच्या पुढे धोंडूबाई.

"हात मोडला तर मोडला, डोका हाय ना, नात म्हणते," धोंडूबाई हसली. पण उठताना तिला दाराची चौकट धरावी लागली.

ती गेल्यावर काकांनी धीर करून नेत्राला फोन लावला. आधी कॉलर ट्यूनमधल्या लाटांचा आवाज, मग त्यातलीच एक गोड बाई म्हणाली, 'खोल श्वास घ्या.' काकांनी घेतला आणि फोन ठेवून दिला.

मग ते चौथ्या मसुद्याला बसले. 'बहुधा' खोडला. 'माझ्या अल्प मतीप्रमाणे' खोडलं. उरलं ते असं:

'चि. नेत्रा, तुझ्या पत्राला माझं उत्तर: नाही. चुंबळ योगासाठी नव्हती, ओझ्यासाठी होती. ती जुन्या लुगड्याची करतात, कारण नवं कापड सरकतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, तुझ्या आजीने सांगितलं. तिला तू आधीच विचारायला हवं होतंस, आणि मीही. खोक्यावरचं माझं नाव काढ. रविवारी कुणाच्याही डोक्यावर कळशी देऊ नकोस, आजीच्या तर नाहीच. हेच कंपनीलाही लिहिलं आहे. उशीर माझा झाला.'

बुधवारी सकाळी पोस्टाच्या पेटीत त्यांनी दोन्ही पाकिटं टाकली. ती तळाला पडल्याचा आवाज आला आणि लगेच वाटलं, 'नाही' जरा कडक झालं का? 'तितकंसं नाही' चाललं असतं. त्यांनी इकडेतिकडे पाहून पेटीत बोटं घालून पाहिली. पण तिचं तोंड अरुंद होतं. बरं झालं.