बाहेर गेलेल्याचा तुकडा

चांगआन नावाचं एक जुनं राजनगर होतं. आता त्याला शिआन म्हणतात, पण तट तोच आहे. तटाच्या आत एक गल्ली, गल्लीत एक खानावळ. खानावळीत सा काकू नावाची मालकीण होती, दिंग आडनावाचा म्हातारा आचारी होता आणि फळीवर एकावर एक रचलेले आम्ही होतो. त्यातला निळ्या काठाचा, टवका गेलेला तो मी. मी वाडगा बोलतोय.

माझा जन्म भट्टीतला. अंगाने जाड, पोटाने मोठा. माझ्याबरोबरचे नाजूक पेले लोकांच्या दिवाणखान्यात गेले, मी आलो रश्श्याच्या दुकानात. मला तोंड आहे, पोट आहे, बूड आहे; जीभ तेवढी नाही. आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं. एका दिवशी मात्र इतकं वाटलं की मी आतल्या आत तडकायचा राहिलो.

आमच्याकडची रीत अशी. गिऱ्हाईक आलं की त्याच्यापुढे रिकामा वाडगा आणि कडक रोट ठेवायचे. रोट ज्याचे त्यानेच तोडायचे, स्वतःच्या बोटांनी, बारीक बारीक. मग सा काकू वाडग्याला आकडा लिहिलेला चिमटा लावणार, त्याच आकड्याचा दुसरा चिमटा गिऱ्हाइकाकडे देणार आणि वाडगा आत नेणार. दिंग आचारी तुकडे कढईत ओतून मटणाच्या रश्श्यात शिजवणार आणि पुन्हा त्याच वाडग्यात घालून बाहेर धाडणार. दुसऱ्याच्या हातचे तुकडे आमच्याकडे कुणी खात नाही. उपाशी जाईल, पण खाणार नाही.

म्हणजे काकू सोडली तर बाहेरून आत आणि आतून बाहेर फिरणारे आम्ही वाडगेच. आतल्याला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला आतलं. मध्ये जाड पडदा.

दिंग आचाऱ्याची गोष्ट मला पाठ होती. भांडी घासताना तो आमच्याशीच बोलायचा, दुसरं होतं कोण? त्याचं गाव निंगशियाच्या कोरड्या डोंगरात. दुष्काळाच्या साली बापाने त्याला एका गाडीवाल्याबरोबर शहरातल्या काकाकडे धाडलं. पोरगा एवढासा. तटाच्या पश्चिम दरवाजात गर्दी उसळली आणि गाडीवाल्याचा हात सुटला. काका सापडला नाही. सापडली सा काकूची सासू; तिने पोटाला घातलं आणि कढईपुढे उभं केलं. मिशा फुटल्यावर तो गावी गेला, तर गाव जागेवर नव्हतं. सरकारने सगळी वस्ती उचलून कुठेतरी नदीकाठी नेली होती. डोंगरातल्या घरांची दारंसुद्धा लोकांनी काढून नेली होती.

"दार असतं तर ठोठावलं तरी असतं," असं तो मला घासताना म्हणायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो. दुपारची वेळ. एक म्हातारी आणि तिची नात आत आल्या. म्हातारीच्या डोक्यावर मुसलमान बायका घेतात तशी पांढरी ओढणी, पायात नवे कापडी जोडे, चालणं फेंगडं. नात छुनयान पाठीला पिशव्या लावून घामाघूम झालेली.

"बस आजी. आता तरी बस. दोन दिवस नुसती पळवते आहेस."

"मी पळवते? मी तर पश्चिम दरवाजाशी बसले होते निवांत. तूच ओढून नेलंस त्या राजाच्या थडग्यातल्या मातीच्या शिपायांकडे."

"आजी, जगभरातून माणसं बघायला येतात ते!"

"बघितले की. एकेकाचं तोंड नीट बघितलं. एवढे पुरुष उभे, पण त्यात माझा भाऊ नव्हता."

"ते दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत गं!"

"असू देत. बघून घेतलेलं बरं."

छुनयान हसली, पण डोळे पुसत हसली. सा काकूने रोट आणून ठेवले आणि म्हातारीपुढे कोणता वाडगा आला? मी.

म्हातारी तोडायला लागली. मी कितीतरी बोटं बघितली आहेत. कुणी ओरबाडतो, कुणी चुरा करतो, कुणी फोनवर बोलत ढेकळं टाकतो. ही बाई रोट आधी दोन पापुद्र्यांत सोलायची, मग चिमटीत धरून प्रत्येक कणाला पीळ द्यायची. दाणा कसा, मधमाशीच्या डोक्याएवढा. आणि सगळं झाल्यावर तिने रोटाचा एक करपलेला कोपरा अख्खाच ठेवला आणि माझ्या मधोमध उभा खोचला.

"हा का नाही तोडलास?" छुनयानने विचारलं.

"तो बाहेर गेलेल्याचा. माझे अब्बा मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असायचे. आई त्यांच्या वाटचा तुकडा असा मधे लावायची. त्यांना करपलेलाच लागायचा. नंतर माझा धाकटा भाऊ एर्सा गेला, इथेच, या दरवाजात हरवला. तेव्हापासून त्याच्या नावाचा."

"कधी सांगितलं नाहीस ते."

"काय सांगायचं? अब्बा गेले, आई गेली, तुकडा राहिला. माझ्या डोळ्यांत आता मोतीबिंदू वाढायला लागलाय. दिसतंय तोवर ती जागा बघावी म्हटलं, जिथे त्याचा हात सुटला. बघितली. खाऊवाले बसतात तिथे. संध्याकाळच्या गाडीने घरी जाऊ. संपलं."

मला दरदरून घाम फुटला असता, फुटता आला असता तर. निंगशियाचे डोंगर! पश्चिम दरवाजा! हरवलेला पोरगा! अगं बाई, तो पडद्यामागे उभा आहे, कांद्याची पात चिरतोय! मी ओरडलो. म्हणजे ओरडायचं ठरवलं. माझ्यातला एक दाणासुद्धा हलला नाही.

एवढा एकच धीर होता की मी आता आतच जाणार आहे. तुकडे बघितले की तो ओळखेल.

तेवढ्यात पलीकडच्या, खिडकीतल्या टेबलावरच्या ट्रकवाल्यानेही आपला वाडगा पुढे सरकवला. अगडबंब गडी, मान रेड्यासारखी. तुकडे अंगठ्याएवढे. सा काकूने खांद्याने कानाशी फोन दाबून धरलेला. भाजीवाल्याशी तिचं भांडण चाललं होतं: "कोथिंबीर म्हणून गवत पाठवलंस, बकऱ्या बांधल्यात का मी इथे?" त्या भरात तिने आम्हा दोन्ही वाडग्यांना चिमटे लावले. माझा त्याला आणि त्याचा मला.

मला दिसत होतं. मी काय करणार? चिमटा काठाला चावत होता, तेवढंच.

आत दिंग आचाऱ्याने मला उचललं. कढईकडे तिरका केला आणि थांबला. पुन्हा सरळ धरला. करपलेल्या कोपऱ्याला बोट लावलं.

"काकू, हा कुणाचा?"

"आकडा बघ की. खिडकीतला ट्रकवाला."

तो मला हातात घेऊनच पडद्याबाहेर आला. म्हातारीची पाठ आमच्याकडे होती, छुनयान तिला गाडीची वेळ सांगत होती. दोन पावलांवर! तो सरळ खिडकीकडे गेला.

"भाऊ, गाव कोणतं तुमचं?"

"हेनान प्रांतातलं. का?"

"आई निंगशियाकडची का?"

"आईचं काय काढताय मधेच? रश्श्याला लागतं का ते?"

"नाही. तसंच विचारलं."

दिंग आचारी परत फिरला. फिरताना म्हातारीच्या खुर्चीला त्याचा धक्का लागला. "माफ करा," तो म्हणाला. "असू दे हो," ती म्हणाली. आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. इतका हताश मी भट्टीतही झालो नव्हतो, आणि तिथे तर माझी भावंडं डोळ्यांदेखत फुटली होती.

आत त्याने तुकडे शिजवले. करपलेला कोपरा मात्र कढईत टाकला नाही. बाजूला काढला, आणि रस्सा माझ्यात ओतल्यावर पुन्हा मधोमध खोचला. मग डोळ्यांवरून बाही फिरवली आणि म्हणाला, "कांदा झोंबतो आज." कांदा तर कधीच चिरून झाला होता.

सा काकूने मला ट्रकवाल्यापुढे ठेवलं. त्याने एकदा वाकून बघितलं, आणि टेबलावर थाप मारली.

"हे काय? चिमण्यांना घालायचं का? माझे तुकडे केवढे होते! हे कुणाच्या हातचं माझ्या तोंडी देताय?"

इकडे म्हातारीही कडाडली, "अगं बाई, ही ढेकळं कुणाची? माझे उरलेले दात इथेच ठेवून जाऊ का?"

खानावळ हसायला लागली. सा काकू दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाली, "चिमटे बदलले वाटतं! आजी, चिडू नका, नवा रोट देते, फुकट."

"नवा नको मला! माझा वाडगा दे. तोडण्यात माझी दुपार गेली. त्यात बाहेर गेलेल्याचा तुकडा आहे!"

पडद्यामागे झारा पडल्याचा आवाज झाला.

दिंग आचारी बाहेर आला. हात रश्श्याने माखलेले. ट्रकवाल्यापुढून त्याने मला उचललं आणि म्हातारीपुढे आणून ठेवलं, पण हात सोडला नाही. तिने मला दुसऱ्या बाजूने धरलं.

"कोण गेलंय बाहेर?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"सांग तर खरं."

म्हातारीने मान वर केली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ती त्याला बघत राहिली, मातीच्या शिपायांना बघितलं असेल तशी, एकेक नाक, एकेक कान. तो म्हणाला, "ताई, करपलेला अब्बांना आवडायचा गं. मला नाही. मी रडायचो तेव्हा तू मला मऊ द्यायचीस."

छुनयान उभी राहिली. सा काकूच्या फोनमधला भाजीवाला एकटाच बोलत राहिला.

"एर्सा?" म्हातारी म्हणाली. "मेल्या, मघाशी धक्का देऊन गेलास तो तूच का?"

तिने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि तोच हात तिथेच ठेवला. त्याने माझ्यातला तो करपलेला कोपरा उचलला आणि तोंडात टाकला. चावत राहिला, बराच वेळ. नाही आवडत म्हणाला होता, पण कणभरही ठेवला नाही.

ट्रकवाल्याने नाक शिंकरलं. "रडवता काय राव जेवताना," असं म्हणत आपला गार झालेला वाडगा त्याने स्वतःच जाऊन उचलला.

संध्याकाळची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीत तिघं बसले, आणि छुनयानच्या पिशवीत, रजईत गुंडाळलेला मी. सा काकूने मला देताना काठावरून हात फिरवला होता. "चुकीचा चिमटा लावला म्हणून पुण्य लाभलं मला," म्हणाली.

आता मी नदीकाठच्या घरात असतो. टवका तसाच आहे, एक बारीक चीरही गेली आहे. रस्सा घालत नाहीत, रोट तोडण्यापुरता काढतात. दोन म्हातारी भावंडं समोरासमोर बसून तोडतात आणि कुणाचे दाणे बारीक यावरून रोज भांडतात. करपलेला कोपरा निघाला तर म्हातारी तो भावाच्या तोंडापुढे धरते, तो तोंड फिरवतो, मग ती स्वतःच खाते. माझ्या मधोमध आता काही खोचत नाहीत. त्या घरातलं कुणी बाहेर राहिलेलं नाही.