पांघरूण कोणाचे

शके एकोणीसशे सेहेचाळीसच्या कार्तिक वद्य पंचमीस, तिसऱ्या प्रहरी, मिरजेच्या एका संशोधनालयात औषधाचे कण माणसांएवढे झाले आणि व्हरांड्यातल्या बाकावर रांगेने बसले. त्यांना चेहरे नव्हते. दिगंबर टेंबे यांनी ते प्रयोगशाळेत खपून घडविले होते, आपल्या पत्नीच्या, वत्सलाबाईंच्या, यकृतातील गाठीसाठी. परंतु परक्या वस्तूला बाईंचे शरीर दारातूनच परतवीत असे. कणांना जिवंत पेशीची साल पांघरणे भाग होते.

“साल त्या गाठीचीच हवी, सर,” त्यांची सहकारी रेहाना मुजावर म्हणाली. “पेशीवरून सुटलेली साल आपलं घर विसरत नाही; पांघरणाऱ्यालाही तिथेच नेते.”

“म्हणजे पुन्हा तिच्या पोटात सुई? काढण्याजोगं उरलंय काय तिच्यात? माझी घ्या.”

“मग ते तुमच्याकडेच येतील.”

“हा नियम पेशींचा. जन्मभर एका घरात राहिलेल्यांना तो लागू नाही.”

“वादात तुम्हीच जिंकाल, सर. पण कणांना वाद कळत नाही.”

टेंबे जिंकले. त्यांच्या अंगावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटले. वेदना झाली नाही. एकेका कणाने एकेक पापुद्रा चढविला, गुंड्या लावल्या, चष्मा सारखा केला. बाकावर आता सगळे टेंबेच होते.

ते सगळे व्हरांड्यालगतच्या वॉर्डात शिरले. वत्सलाबाईंच्या कुशीत एक ठेंगणे दार उघडले होते.

“अगंबाई, इतके!” त्या हसल्या. “एकट्याचा वाद पुरत नव्हता का? या, आत या.”

प्रत्येकाने उंबरठ्याशी चपला काढल्या, आत डोकावून पाहिले. आत गाठ घरधनिणीसारखी ऐसपैस बसली होती. “माफ करा, घर चुकलं,” असे टेंब्यांच्याच आवाजात म्हणून प्रत्येकाने चपला पुन्हा घातल्या.

बाहेर खरे टेंबे उभे होते. व्हरांडा आखडत आला. त्यांची पाठ भिंतीला टेकली.

“तिकडे जा! तिकडे!”

त्यांनी एकेकाशी युक्तिवाद केला, दाखले दिले. प्रत्येकाने आदराने मान डोलावली आणि तो त्यांच्या बरगड्यांतून आत गेला. दर खेपेस टेंब्यांचे केस काळे होत, गुडघे हलके होत; दर खेपेस वॉर्डातली खाट वीतभर अरुंद होई. शेवटी ती फूटपट्टीएवढी उरली. वत्सलाबाई पडू नये म्हणून कुशीवर, श्वास धरून निजल्या होत्या.

शेवटचा कण आत गेला. वत्सलाबाईंनी वॉर्डाच्या दारातून नवऱ्याला नखशिखांत न्याहाळले.

“तुम्ही अगदी बरे झालात,” त्या म्हणाल्या.