खंडेनवमीला बंद केलेलं बटण

मित्रांनो, दोन हजार बावीस सालच्या दसऱ्यात जे घडलं ते मी अजून विसरलेलो नाही. मी एक जुना लोहचुंबक आहे. साबणाच्या वडीएवढा, काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. माझी उमेदीची वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेली. तिथं साचे फोडले की जळकी वाळू उरायची. ती पट्ट्यावरून माझ्याखालून जायची आणि तिच्यात राहिलेले लोखंडाचे बारीक तुकडे मी वर ओढून घ्यायचो. ते खरवडून काढायचं काम तिथले कामगार सयाजी यांचं. चौदा वर्षं आम्ही समोरासमोर होतो. एकदा मी त्यांच्या डब्यातला चमचा पळवला, तेव्हा सगळी पाळी पोट धरून हसली होती.

पुढे नवं यंत्र आलं, सयाजी भट्टीवर गेले आणि मी भंगारात पडलो. सयाजींनी साहेबांना विचारून मला हातकणंगल्याला घरी आणलं. त्यांची मुलगी पूर्णिमा कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. चुंबकाजवळ जंतू कमी वाढतात, जास्त वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे तिला तपासायचं होतं. म्हणून मी कॉलेजात गेलो.

खंडेनवमीच्या सकाळी तिनं काचेच्या बशांमध्ये जंतू पेरले. जंतू वाढायला ऊब लागते, म्हणून बशा ठेवायला उबेच्या दोन पेट्या होत्या. निम्म्या बशा माझ्यासोबत प्रयोगशाळेतल्या जुन्या पेटीत गेल्या. निम्म्या माझ्यापासून लांब, मलिका मॅडमच्या खोलीतल्या नव्या पेटीत. मॅडम तिच्या मार्गदर्शक. त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि दोघी घरी गेल्या.

दुपारी प्रयोगशाळेच्या मदतनीस झुंबरबाई ताट घेऊन आल्या. त्यांनी तराजूला, सूक्ष्मदर्शकाला, आमच्या पेटीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. ज्याची पूजा केली त्याच्याकडून त्या दिवशी काम करून घ्यायचं नाही, ही आपली रीत. त्यांनी हात जोडले आणि पेटीचं बटण बंद केलं. मॅडमच्या खोलीला कुलूप होतं, ती पेटी चालूच राहिली. हळूहळू माझ्याभोवतीची ऊब गेली. बशांमधले जंतू गारठून बसले. दसऱ्याच्या सकाळी पूर्णिमा यायची म्हणून झुंबरबाई दार उघडायला आल्या आणि आठवणीनं बटण पुन्हा चालू केलं. तासाभरानं पूर्णिमा आली तेव्हा पेटी नेहमीसारखी उबदार होती.

मॅडमच्या खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडं होती. तिनं दोन्हीकडच्या बशा काढून मोजल्या. मॅडमकडच्या बशा जंतूंच्या ठिपक्यांनी भरलेल्या, माझ्याजवळच्या जवळजवळ कोऱ्या. तिनं लगेच मॅडमना कळवलं. मॅडमनी फोनवर बजावलं की तीनदा कर, मग बोल. पण दसऱ्याचा दिवस, घरी आनंद कुणाला आवरतो? तिनं सांगितलं आणि माझं कौतुक गल्लीभर झालं.

सयाजींच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा उडाला होता. साखरेचा आजार, जखम भरत नव्हती. दोन बोटं आताच काढा, नाहीतर पाय जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बोटं गेल्यावर भट्टीपुढं उभं कोण करणार, या भीतीनं ते टाळत होते. त्यांनी मुलीला मला घरी आणायला लावलं.

"आण्णा, ते बशीत झालंय, पायात न्हाय," ती म्हणाली.

"चौदा वर्सं बघतोय मी ह्याला. लोखंड सोडत न्हाय ह्यो, जंतू काय सोडतोय?"

तिनं फडकं आणून दिलं. तिलाही ते खरं व्हायला हवं होतं.

मित्रांनो, नऊ दिवस मी त्या पायाला फडक्यानं बांधलेला होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. बोट निळं झालं, मग काळं. वास येऊ लागला. पावलाची सूज घोट्यावर चढली. रोज सकाळी सयाजी फडकं सोडत, मला पुसत आणि पुन्हा बांधत. जखम ओढतेय, म्हणजे गुण येतोय, असं ते बायकोला सांगत. माझ्यावर कुणी इतका विश्वास कधी टाकला नव्हता. त्या विश्वासासाठी मी काही म्हणजे काही करू शकत नव्हतो. तडकून दोन तुकडे व्हावेत, निदान मला फेकून तरी देतील, एवढंच मी मागत होतो.

दहाव्या दिवशी पूर्णिमा आली ती बापाच्या पायाशीच बसली. मॅडमनी दुसरा चुंबक आणून प्रयोग पुन्हा करवला होता. दोन्हीकडं जंतू सारखेच वाढले. मग मॅडमनी त्या दिवसाची एकेक गोष्ट विचारायला घेतली, तेव्हा झाडता झाडता झुंबरबाई सहज बोलून गेल्या.

"आण्णा, पेटी बंद होती. पूजेसाठी. जंतू गारठ्यानं वाढले न्हाईत. झुंबरबाई म्हणाल्या, मला कुणी इचारलंच न्हाय की. आणि खरंच, मी इचारलं नव्हतं."

सयाजींनी पाय तिच्यापुढं केला. मग म्हणाले, "सोड ह्याला. गाडी बोलव."

मित्रांनो, मी लोखंड ओढतो, तेवढंच माझं काम. मला जखमेवर बांधू नका. आणि एखादी गोष्ट खरी व्हावी असं फार वाटत असेल, तर आधी बटण कुणाच्या हाताशी होतं ते त्या माणसाला विचारा.

डॉक्टरांनी सयाजींचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. जीव वाचला. फाउंड्रीनं त्यांना भांडारात बसून करायचं काम दिलं. पूर्णिमानं प्रबंधात चुंबकानं फरक पडला नाही असं लिहिलं आणि बंद पेटीची हकिकत पहिल्याच पानावर घातली. आता ती एका दूध संघात दूध तपासते, काम सुरू करण्याआधी सगळ्यांना शंभर प्रश्न विचारते आणि त्यावरून टोमणे खाते. मलिका मॅडम निवृत्त होऊन कळंब्याला राहतात. झुंबरबाईंनी ऐकलं तेव्हा आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. सयाजींनी त्यांना घरी बोलावून जेवू घातलं. त्या अजून पूजा करतात, पण बटणाला हात लावत नाहीत.

मी सयाजींच्या खिडकीत धूळ खात असतो. कौतुक मात्र गावोगाव पोचलेलं, त्यामुळं गुडघ्यासाठी नाहीतर गळवासाठी मला मागायला अजून कुणी ना कुणी येतं. सयाजी वाद घालत नाहीत. "बसा, पावणं," म्हणतात आणि पायजम्याची डावी बाजू वर सरकवतात.